मापांचा ड्राइव्ह

कौतुक पचवायला अंगात दम लागतो, आणि धाकट्याच्या अंगात तो कधीच नव्हता. घरातलं शेंडेफळ. लहानपणी स्वतःचं ताट स्वतः उचलून ठेवलं तरी घरभर गाजावाजा व्हायचा. पुढे शिकला, काँप्युटरची नोकरी लागली, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, तरी काहीही केलं की आधी मान वळवून बघायचं, कुणी बघतंय का. आणि बघणारी बहुतेक वेळा वहिनीच असायची.

वहिनी म्हणजे दादाची बायको. ती घरात आली तेव्हा धाकटा शाळेत होता आणि आई नुकतीच गेली होती. दादा छापखान्यात पाळ्या करायचा, त्यामुळे याचा डबा, याचा अभ्यास, याची दुखणीखुपणी सगळं तिच्याच गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं ती मात्र कधी म्हणाली नाही. उलट पुढे याला नोकरी मिळेना, तेव्हा आपल्या ऑफिसात साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "माझा दीर आहे म्हणून सांगत नाही, पण पोरगा हुशार आहे." आता दीर आहे म्हणूनच तर सांगत होती. पण साहेबांनी ठेवून घेतलं, आणि घरातलं 'धाकटा' हे नाव तिच्या तोंडून ऑफिसातही पसरलं.

ते ऑफिस म्हणजे कृत्रिम पाय बनवण्याचं केंद्र. तळमजल्यावर कारखाना, तिथून वर येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटांना प्लास्टरची पांढरी धूळ. वरच्या मजल्यावर तपासणीच्या खोल्या, आणि जिन्याशेजारी नोंदणीची खोली. पाय गमावलेला माणूस आला की उरलेल्या भागाची मापं घ्यायची: वर घेर किती, खाली किती, हाड कुठं टोचतं, कातडी कुठं नाजूक आहे. ती मापं वहिनी काँप्युटरवर चढवायची, आणि खाली मिस्त्री ती बघून साचा बनवायचा. माप चुकलं तर पाय बसत नाही, आणि कसाबसा बसला तर जखम करतो. वहिनीचं माप चुकल्याचं मिस्त्रीनंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं, आणि मिस्त्री असा माणूस की त्याला देवानं घडवलेल्या पायांतही खोट दिसायची.

पूर्वी ही मापं साध्या फाइलींत असायची. प्रत्येक माणसाचा एक फोल्डर, आत त्याच्या प्रत्येक भेटीची फाइल. वहिनी काँप्युटर शिकली ती काळ्या पडद्यावर, अक्षरं टाइप करून हुकूम सोडायच्या जमान्यात. माउसला ती हातही लावायची नाही. सीडी म्हणजे त्या फोल्डरात जा, डिर म्हणजे आत काय आहे ते दाखव, डेल म्हणजे पूस. बोटं अशी चालायची की शेजारी उभ्या माणसाला नुसती टकटक ऐकू यावी. मग साहेबांनी सगळं डेटाबेसमध्ये हलवलं. ते करायलाच हवं होतं, फाइली फार झाल्या होत्या. पण त्यासोबत आला बटणांचा एक रंगीत पडदा, आणि वहिनी त्याच्यापुढं बसून चष्मा वरखाली करायला लागली. घरी येऊन एकदा म्हणाली, "माझं स्वयंपाकघर कुणीतरी परस्पर आवरून ठेवलंय, आणि मला माझाच चमचा सापडत नाही."

धाकट्यानं ते मनावर घेतलं. त्या काळ्या पडद्याला शेल म्हणतात, आणि शेलचं एक बरं असतं. त्याला स्वतःला डिस्क वगैरे काही कळत नाही. तो नुसता विचारतो: इथं काय काय आहे? अमुक आहे का? ते आण. ते पूस. उत्तरं देणारा मध्ये दुसराच कुणीतरी असतो, त्याचं नाव प्रोव्हायडर. दुभाष्याच म्हणा ना. डिस्कचा दुभाष्या शेलबरोबर आयताच मिळतो. पण डेटाबेसचा दुभाष्या आपण लिहिला, तर शेलला पत्ताही लागत नाही की हा डिस्कवर नाही, डेटाबेसमध्ये फिरतोय. टेबल दिसतं फोल्डरसारखं, नोंद दिसते फाइलसारखी, आणि अख्खा डेटाबेस सी किंवा डी असावा तसा एक ड्राइव्ह होऊन बसतो.

धाकट्यानं हा दुभाष्या लिहिला. हातातली कामं सांभाळून, मधल्या सुट्टीत, कधी घरी जेवणाच्या टेबलावर. एकेक प्रश्नाचं एकेक उत्तर लिहीत गेला. ही जागा आहे का, तर असं बघ. आत काय आहे, तर असं आण. ड्राइव्हला नाव दिलं 'मापं'. आणि एके दिवशी वहिनीला तिच्याच खुर्चीत बसवून म्हणाला, "तुझं ते सीडी कर की."

वहिनीनं सीडी मापं केलं. मग डिर. पडद्यावरून माणसांची नावं सरसर उतरली, पूर्वी उतरायची तशीच. ती एकात शिरली, त्याची जुनी मापं उघडून बघितली, बाहेर आली, दुसऱ्यात शिरली. शेवटी चष्मा काढून पुसत म्हणाली, "माझ्यासाठी केलंस हे?"

साहेब बघायला आले, तेही खूश. खालून मिस्त्री आला, त्यानं नाक मुरडलं नाही, म्हणजे तोही खूशच. धाकटा तो दिवसभर जमिनीवर नव्हता.

एकच भीती वहिनीला होती. महिनाअखेरीला जुन्या चाचणीच्या नोंदी पुसाव्या लागायच्या, आणि पुसणं म्हटलं की तिचा हात आखडायचा. धाकट्यानं तिला युक्ती शिकवली. "डेलच्या शेवटी व्हॉटइफ हा शब्द जोडायचा. मग तो काहीच पुसत नाही, नुसतं सांगतो की अमुक अमुक पुसलं गेलं असतं. यादी बघायची, बरोबर वाटली तर मग शब्द काढून खरं पुसायचं."

"म्हणजे तालीम," वहिनी म्हणाली.

"तालीमच. रंगीत तालीम."

दाखवताना त्यानं ते साध्या डिस्कवर दाखवलं. नव्या ड्राइव्हवर दाखवलं नाही. तिथं स्वतःही कधी करून बघितलं नाही. का नाही बघितलं, तर बघायची गरज वाटली नाही, एवढंच. कौतुक होऊन गेलं होतं.

महिनाअखेर आली. दुपारच्या जेवणाच्या आधी वहिनी त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "जरा येतोस का? मला सगळं रिकामं दिसतंय."

तो गेला. सीडी मापं, डिर, आणि खाली काही नाही. तिनं काय केलं होतं? तिनं आपल्या पद्धतीनं सगळ्यांची तालीम घेतली होती. आधी अख्ख्या ड्राइव्हची यादी बघायची, मग चाळणी बारीक करत करत फक्त चाचणीच्या नोंदींपर्यंत यायचं. शहाण्या माणसाची पद्धत होती ती. पण एंटर दाबल्यावर यादी आलीच नाही. पडदा गप्प राहिला. ती घाबरली, काहीतरी अडकलंय असं वाटून तिनं शेल बंद केला, परत उघडला, आणि बघते तर हे.

"व्हॉटइफ लिहिलं होतंस ना?"

"लिहिलं होतं रे. मी तालमीशिवाय एंटर मारते का कधी?"

शेल बंद झाल्यामुळे तिनं काय टाइप केलं होतं ते कुठं उरलं नव्हतं. पेशंटची नावं मागं राहू नयेत म्हणून तशी व्यवस्था धाकट्यानंच केली होती. बॅकअप रविवारचा होता. तो परत चढवायला लावला, म्हणजे रविवारपर्यंतचं सगळं आलं. त्यानंतर आठवडाभरात ज्यांची मापं घेतली, ती मात्र गेली ती गेलीच.

बॅकअप चढत होता तेवढ्या वेळात धाकट्यानं आपला कोड उघडला. पुसण्याचा भाग शोधला, आणि त्याची कानशिलं तापली. त्याचं असं असतं: प्रोव्हायडर लिहिताना सुरुवातीला एका ओळीत जाहीर करायचं असतं, की आमच्याकडं तालमीची सोय आहे. ती ओळ धाकट्यानं कुठल्याशा नमुन्यावरून उतरवून टाकली होती. पण पुसायची वेळ आली की 'खरंच पुसू, की नुसतं सांगू?' हे विचारणं प्रोव्हायडरनं स्वतः करायचं असतं. शेल ते करून देत नाही. त्या जागी धाकट्यानं शेरा मारून ठेवला होता, 'हे नंतर', आणि पुढच्याच ओळीत सरळ पुसून टाकलं होतं. वरची ती ओळ लिहिलीच नसती तरी निभावलं असतं. शेलनं वहिनीला तिथल्या तिथं सांगितलं असतं, की बाई, ही सोय इथं नाही, आणि एक अक्षरही पुसलं गेलं नसतं. यानं दुकान नसताना पाटी लावली होती, आणि पाटी वाचून वहिनी आत गेली होती.

आता हे बघा, इथपर्यंत त्याचं फार काही बिघडलं नव्हतं. चूक कुणाच्या हातून होत नाही? तेव्हाच उठून साहेबांच्या खोलीत जाऊन दोन वाक्यं बोलला असता, तर साहेब चिडले असते, मिस्त्रीनं चार शिव्या हासडल्या असत्या, आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळं निवळलं असतं. पण तो उठला नाही. त्यानं काय केलं, तर शेरा पुसला, तिथं तो राहिलेला प्रश्न लिहिला, तीन ओळींचं काम, आणि नवा प्रोव्हायडर गुपचूप वहिनीच्या मशीनवर चढवला. स्वतःला म्हणाला, आधी आग विझवू, मग सांगू. आणि खरंच सांगणार होता. उद्या सकाळी.

सकाळी साहेबांनीच त्याला नोंदणीच्या खोलीत बोलावलं. "ही म्हणते तालीम लिहिली होती. मला करून दाखव बरं."

वहिनी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. धाकटा बसला. त्यानं डेल लिहिलं, शेवटी व्हॉटइफ लिहिलं, एंटर दाबलं. पडद्यावर यादी आली: हे पुसलं गेलं असतं, हे पुसलं गेलं असतं. मग डिर केलं. सगळं जागच्या जागी.

"चालतंय की," साहेब म्हणाले.

बोलायची वेळ ती होती. त्याच्या तोंडाशी आलंही होतं. तो म्हणाला, "हो."

मागून वहिनीचा आवाज आला, अगदी हळू. "मग मीच विसरले असेन."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "होतं असं. वय होतंय आपल्या सगळ्यांचं." धीर द्यायला म्हणाले ते. पण वहिनीच्या काळजात जे घुसायचं ते त्या वाक्यानंच घुसलं, आणि का घुसलं ते त्या खोलीत फक्त धाकट्याला माहीत होतं.

वहिनीची आई शेवटची काही वर्षं त्यांच्याच घरी होती. तिचं सुरुवातीला असंच झालं होतं. भाजीत मीठ घातलंय म्हणून शपथेवर सांगायची, आणि घातलेलं नसायचं. दार लावलंय म्हणायची, आणि ते सताड उघडं. पुढं पुढं पोटच्या मुलीला विचारायला लागली, "बाई, तुम्ही कुणाच्या?" वहिनी तिला न्हाऊ घालायची, भरवायची, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची. धाकट्यानं ते सगळं बघितलं होतं. भिंतीपलीकडेच त्याची खोली होती.

त्या दिवशी घरी येताना वहिनी म्हणाली, "आईचंही असंच सुरू झालं होतं रे. केलं नाही ते केलंय म्हणायची, आणि तिला ते पक्कं आठवायचं." धाकटा म्हणाला, "काहीतरीच काय, एवढं मनाला नको लावून घेऊस." असं बोलताना त्याला स्वतःची किळस आली. किळस आली तरी तो पुढं काही बोलला नाही.

मग फोन सुरू झाले. ज्यांची मापं गेली त्या सगळ्यांना परत बोलवायचं होतं, आणि ते काम वहिनीनं मागून घेतलं. धाकट्याचं टेबल दारातून दिसेल एवढंच लांब. "नमस्कार, केंद्रातून बोलतेय. तुमची मापं परत घ्यावी लागतील. नाही, तुमचं काही चुकलं नाही, माझ्या हातून पुसली गेली." प्रत्येकाला हेच. कुणी समजून घेई, कुणी फोनवरच ओरडे, आणि ती ओरडून होईपर्यंत ऐकून घ्यायची. मग माणसं यायला लागली. कुबड्या टेकत, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून. पूर्वी ड्रायव्हर असलेला एक म्हातारा दोन गाड्या बदलून आला होता. जिन्याशी थांबून धापा टाकत म्हणाला, "बाई, एका फेरीला माझा अख्खा दिवस जातो." वहिनीनं त्याला पाणी दिलं आणि हात जोडले. खालून वर आलेल्या मिस्त्रीनं ते बघितलं. "जमत नसेल आता, तर तसं सांगा," तो म्हणाला. वहिनीनं मान हलवली, म्हणजे खरंच जमत नसेल असं.

साहेबांनी पुसायचा अधिकार तिच्याकडून काढून धाकट्याला दिला. वर त्याची पाठ थोपटली. "तू होतास म्हणून निभावलं. एका दिवसात सगळं परत उभं केलंस." धाकट्यानं ती थाप पाठीवर घेतली. नको म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

सांगायचं का नाही, याचा त्यानं विचार केला नाही असं नव्हे. दुसरं काही सुचतच नव्हतं त्याला. पण पहिल्या दिवशी नुसती चूक सांगायची होती. दुसऱ्या दिवशी चूक आणि साहेबांसमोरचं ते 'हो' सांगायचं होतं. मग त्यात फोन आले, मग तो म्हातारा आला, मग मिस्त्रीचं बोलणं आलं. सांगण्याचं ओझं रोज वाढत होतं, आणि हा रोज म्हणत होता, उद्या बघू. भेकड होता, दुसरं काय.

घरी वहिनी बदलत गेली. गॅस बंद केला का, हे बघायला जिन्यावरून परत फिरायची. तळहातावर पेनानं लिहून ठेवायची. बोलता बोलता एखादा शब्द चटकन सुचला नाही की थांबायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची, त्याच्या लक्षात आलं का ते. आधी दादा चेष्टा करायचा, "काय गं, नवऱ्याचं नाव तरी आठवतंय ना?" एके दिवशी त्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून दादाची चेष्टा बंद झाली. छापखान्यात निघताना तो धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तू असतोस तिथं. लक्ष ठेव जरा तिच्यावर." धाकटा म्हणाला, "हो दादा."

आणि मग वहिनीनं स्वतःच स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. दादाला कळू दिलं नाही. धाकट्याला म्हणाली, "तू ये सोबत. तू असलास की मला धीर येतो."

दवाखान्यात एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांची रांग होती. समोर एक म्हातारे गृहस्थ मुलीचा हात धरून बसले होते आणि दर थोड्या वेळानं विचारत होते, आपण कुठं आलोय. मुलगी दर वेळी सांगत होती. वहिनीनं एकदा तिकडं बघितलं, मग परत बघितलं नाही. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती.

"काय म्हणतेयस?"

"महिने उलटे म्हणतेय. डिसेंबर, नोव्हेंबर, असे. विचारतात म्हणे आत." ती परत सुरू झाली. सप्टेंबरशी आली, ऑगस्ट म्हणाली, आणि थांबली. नुसत्या भीतीनं थांबली, दुसरं काही नाही. तिनं धाकट्याकडे बघितलं. तिच्या आईच्या डोळ्यांत असायचं ते त्या बघण्यात होतं, आणि ते त्यानं आणून ठेवलं होतं. एवढं मात्र त्याच्यानं बघवलं नाही.

"वहिनी, तू विसरली नव्हतीस."

"काय?"

"त्या दिवशी. तू व्हॉटइफ लिहिलं होतंस. माझ्या प्रोव्हायडरमध्येच चूक होती. तालमीची सोय आहे असं लिहिलं होतं मी, आणि सोय केलीच नव्हती. तू लिहिलंस तरी त्यानं खरंच पुसलं."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा मऊ झाला. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "गुणी आहेस रे तू. लहानपणापासून असाच. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोयस."

"वहिनी, खरंच सांगतोय."

"साहेबांसमोर चाललं की ते. मी मागंच उभी होते."

"आदल्या दिवशी मी ते दुरुस्त केलं होतं. गुपचूप."

"पुरे आता." तिनं हात थोपटला. "एवढं म्हणालास, यातच सगळं आलं."

यापेक्षा तिनं चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जन्मभर ज्या कौतुकासाठी तो मान वळवून बघत आला, ते आता आपण होऊन समोर आलं होतं, आणि त्याला तोंड लपवायला जागा नव्हती. त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. त्याच्या धंद्यात जुनं काही टाकून देत नाहीत. कोडची प्रत्येक आधीची अवस्था जपून ठेवलेली असते. त्यानं त्या दिवशीचा प्रोव्हायडर परत काढला, सरावासाठीच्या खोट्या नोंदींवर जोडला, आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. "तूच टाइप कर. यात कुणाची खरी मापं नाहीत."

वहिनीनं चष्मा लावला. एकेक अक्षर बघून टाइप केलं. "व्हॉटइफ आलंय ना? तूही बघ."

"आलंय."

तिनं एंटर दाबलं. पडदा गप्प. त्या दिवशी राहिला होता तसाच. तिनं डिर केलं. आत काही नव्हतं. तिनं दुसऱ्या फोल्डरवर परत तेच केलं, शब्द दोनदा तपासून. तोही रिकामा झाला.

"म्हणजे मी लिहिलं होतं," ती म्हणाली.

"लिहिलं होतंस."

"मला आठवत होतं ते बरोबर होतं."

"बरोबर होतं."

वहिनी हसायला लागली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. समोरची मुलगी बघायला लागली तशी तिनं रुमाल तोंडावर धरला. "मी लिहिलं होतं," ती रुमालाआडून परत म्हणाली. धाकट्याच्या छातीवरचा दगड खाली आला. आणि बघा या माणसाचं, त्याही क्षणाला त्याला आत कुठंतरी वाटलं, की आता ती पाठीवरून हात फिरवणार.

तिचं रडं ओसरलं. तिनं डोळे पुसले, रुमालाची घडी घातली. घडी घालता घालता तिचा हात थांबला.

"तुला कधी कळलं?"

अजूनही थाप मारता आली असती. काल कळलं म्हणाला असता, तरी तिनं मानलं असतं. "त्याच दिवशी," तो म्हणाला. "दुपारी."

"मी फोन करत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"ते म्हातारे आले होते, ड्रायव्हर, तेव्हा?"

"हो."

"परवा झोपताना मी तुला विचारलं, दार लावलंय का मी, तेव्हा?"

धाकट्यानं मान हलवली.

"तू उठून बघून आलास. लावलंयस म्हणालास. झोप आता म्हणालास." तिचा आवाज चढला नव्हता. ती नुसतं एकेक आठवून बघत होती, आणि सगळं तिला नीट आठवत होतं.

"मी आज साहेबांना सांगतो," तो म्हणाला. "मिस्त्रीलाही. दादालाही."

"ते तुझं तू बघ." तिनं लॅपटॉप मिटला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

थोड्या वेळानं धाकटा म्हणाला, "चल, घरी जाऊ या. आता कशाला थांबायचं? तुला काहीही झालेलं नाही."

"हे तू सांगतोयस." वहिनीनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. "तू गप्प बसलास तर मला वेड लागलं, आणि बोललास की मी बरी. असं नको आता मला. मला दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकायचंय."

आतलं दार उघडलं. पांढरा कोट घातलेल्या बाईनं वहिनीचा नंबर पुकारला. वहिनी उठली तशी बाई म्हणाली, "सोबत घरचं कुणी असेल तर त्यांनीही आत या. डॉक्टरांना घरच्यांशीही बोलावं लागतं."

धाकटा लॅपटॉप काखेत मारून उभा राहिला.

"घरचं कुणी नाही," वहिनी म्हणाली. "मी एकटीच आलेय." पर्स सावरून ती आत गेली आणि दार लागलं. बाई वळली, तर तिला धाकटा उभा दिसला. तिनं हातातल्या कागदावर नजर टाकली आणि सौम्यपणे विचारलं, तुमचा नंबर कितवा.